बाटल्यांना दिवस गेले

१९७६ साल. डिसेंबरातला पहिला बुधवार, सकाळचे साडेदहा. डॉ. प्रभुतेंडोलकरांनी माझ्या फळीवरच्या सहा फ्लास्कवरून एकेक करत बोट फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “मिस निकम, हे सगळं मोरीत ओता. मॅडम दुपारच्या एस्टीनं येतायत. त्यांच्या नजरेला हे पडता कामा नये.”

मी आदल्या संध्याकाळीच कराडहून परतले होते. थोरल्या भावाचं लग्न होतं, बारा दिवसांची रजा. हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. जाताना बारा फ्लास्क छान निळसर हिरवे ठेवून गेले होते. सहा समुद्राकडच्या खिडकीपाशी, सहा वाडीकडच्या. आले तर वाडीकडचे सहा होते तसेच आणि समुद्राकडचे सहा लाल. कोकमाचं सार पातळ करून भरून ठेवावं तसे.

“सर, सूक्ष्मदर्शकाखाली धागे तेच दिसतात. तीच जाडी, तीच—”

“आणि रंग?”

“लाल.”

“मग तेच कसे? एक तर बाहेरचं काहीतरी आत शिरलंय, नाहीतर मरायला टेकलेत. बारा दिवस खोली कुणाच्या भरवशावर टाकली होती?”

दारात भागीरथीमावशी बादली घेऊन उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, “भागीरथीबाई, हे सहाही न्या, ओता आणि फ्लास्क उकळून ठेवा.”

“व्हय, सायबांनू,” मावशी म्हणाली. तिनं सहाही फ्लास्क टोपलीत भरले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. थोड्या वेळानं मागच्या मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. सहा वेळा मोजला मी.

आमचं केंद्र मालवणच्या दक्षिणेला, समुद्राला खेटून असलेली चिऱ्यांची कौलारू इमारत. पाच खोल्या, एक गळकी होडी आणि सगळे मिळून नऊ माणसं. मी घाटावरची. बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पहिल्यांदा ओहोटी पाहिली तेव्हा पाणी कुठं गेलं म्हणून घाबरले होते, आणि ते मावशीनं साऱ्या वाडीला सांगितलं होतं. “आमची बाय इचारता, समुद्र परत येतलो मा?”

माझं काम खडकांवरच्या बुळबुळीतावर. ओहोटीलाही जे खडक पुरते उघडे पडत नाहीत, त्यांच्यावरून मी ते खरवडून आणायची. त्यातल्या केसाहून बारीक धाग्यांना आम्ही तेव्हा नील-हरित शेवाळ म्हणायचो. आता सगळे सायनोबॅक्टेरिया म्हणतात. मूळ नाही, पान नाही, फूल नाही. नुसता धागा. पण त्या धाग्यात ऊन पकडायची युक्ती आहे. ऊन, पाणी आणि हवा एवढ्यावर तो आपलं अन्न आपण शिजवतो आणि वर आपल्याला श्वासापुरता प्राणवायू सोडतो. मला तर वेडच लागलं होतं त्याचं. त्या गिचमिडीतून एका जातीचा शुद्ध धागा वेगळा काढायला मला चौदा महिने लागले होते. तो त्या बारा फ्लास्कमध्ये होता. दुसरीकडे कुठंही नव्हता.

आणि शिष्यवृत्ती एकतीस डिसेंबरला संपत होती. वाढवायची की नाही हे दुपारी येणाऱ्या डॉ. फिलोमिना तुस्कानो ठरवणार होत्या. नाही म्हणाल्या तर माझ्या खोलीत कोळंबीच्या पिल्लांच्या टाक्या बसणार. त्याची फाइल सरांच्या टेबलावर तयारच होती, लाल कापडात बांधलेली. सर वाईट नव्हते हो. सरकारला कोळंबी हवी होती, सरांना केंद्र चालवायचं होतं. आणि माझ्या वडिलांनी लग्नातच बजावलं होतं, “वाढवली तर राहा. नाही तर एक तारखेला घरी. स्थळं थांबत नाहीत.” मला परत जायचं नव्हतं. एवढं स्पष्ट आयुष्यात मला पुढं काही कळलं नाही.

तुस्कानो मॅडम वसईच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या, खांद्याला शबनम. एस्टीतून उतरल्या त्या थेट खोलीत. चहाला नको म्हणाल्या, जेवणालाही नको म्हणाल्या. हिरवे सहा फ्लास्क उजेडात धरून पाहिले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या.

“सुरेख,” त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी फ्लास्कवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. “एक ते सहा. वहीत मात्र बारा लिहिलेत. सात ते बारा कुठं आहेत?”

सरांनी घसा खाकरला. “ते जरा बिघडले, मॅडम.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. “मी हिला विचारलं.”

खोटं बोलायचं धैर्य मला झालं नाही. “लाल झाले होते. म्हणून ओतले.”

“लाल?” त्यांनी चष्मा काढला. “आणि ओतले?”

मी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. एक तारखेची एस्टी, कराड, आणि चुलीशेजारचा तो पाट, ज्यावरून उठून मला पाहुण्यांपुढं पोहे न्यावे लागणार.

“नाय ओतूक,” दारातून आवाज आला.

मावशी चहाचे पेले घेऊन उभी होती. पेले तिनं सरांच्या हातात दिले, म्हणजे ठेवायला जागा नव्हती म्हणून, आणि मागं वळली. परत आली ती मासळीची टोपली घेऊन. वर ओलं गोणपाट. ते उचललं तर खाली सात ते बारा, सहाही फ्लास्क, लालबुंद.

“भागीरथीबाई!” सर ओरडले. पेले हातात असल्यामुळं त्यांना हातवारे करता आले नाहीत. “मी आवाज ऐकला ओतल्याचा!”

“समुद्राचा पाणी ओतलंय, सायबांनू. आवाज तोच येता.”

“पण मी ओता म्हटल्यावर—”

“दिस गेलेल्यांका कोण मोरीत ओतता?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे.

“काय म्हणालात?” मॅडमनी विचारलं.

“हेंका दिस गेलेत. बायनंच सांगल्यान माका जाताना.”

आणि मला आठवलं. जायच्या दिवशी बॅग हातात, एस्टीची घाई. मी फ्लास्ककडे बोट करून म्हणाले होते, “मावशी, यांना आता साठ दिवस गेलेत. जिवापाड सांभाळा हं. ऊन तेवढं मिळू द्या, धक्का लावू नका.” साठ दिवस झाले, म्हणायचं होतं मला. वाढीचे साठ दिवस. घाईत ‘झाले’च्या जागी ‘गेले’ आलं.

“अगं बाई,” मी म्हटलं.

“मगे? मी समाजलंय, दोन म्हयने झाले.” मावशी मॅडमना समजावून सांगू लागली, बाईनं बाईला सांगावं तसं. “आता दिस गेलेल्यांची ओटी हिरव्या लुगड्यान भरूची लागता. बाटल्यांका ओटी खय? म्हणान मी माझा सातेरीचा हिरवा लुगडा हाडलंय. नवसाचा. देवीक नेसवून परत प्रसाद म्हणान गावलेला. ता नेसूचा नसता, ट्रंकेत होता. ता मी खिडकेक बांधलंय. म्हटलंय, उजेड तरी देवीच्या पदरातसून येवंदे.”

“कधीपासून?” मॅडमचा आवाज बदलला होता.

“बाय गेली त्याच दिसापासून. काल सायब टाक्यांची मापां घेवक माणूस घेवन इले, तेवा काढलंय. म्हटलंय, माका बोलतले.”

“एकाच खिडकीला?”

“लुगडा एकच ना! नऊवारी झाला म्हणून काय? वाऱ्यान उडात म्हणान दुपदरी केलंय, मगे दुसऱ्या खिडकेक पुराक नाय.” आणि मग जरा ओशाळून, “त्या सहांची ओटी ऱ्हवली. तेंका वायट वाटला आसतला.”

मॅडम हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग त्या स्टुलावर बसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. सर पेले धरून उभेच.

“प्रभुतेंडोलकर, ते पेले ठेवा हो कुठंतरी,” त्या म्हणाल्या. “भागीरथीबाई, तुमच्या घरात कुणी बुडी मारतं का?”

“माझो भाव. कालवां काढता.”

“खाली असताना त्याला कधी लागलंय?”

“मगे! खडपाची धार लागताच. तो सांगता, खाली आपला रगात काळाहिरवा दिसता, वर इल्यावर लाल. पयल्यांदा भियालो मेलो. दोन दिस जेवक नाय. म्हणता, माका काय तरी लागला.”

“त्याला काही लागलेलं नाही. पाणी लाल उजेड आधी गिळून टाकतं. चार-पाच वाव, म्हणजे पंचवीस-तीस फूट खाली गेलं की लाल संपला. इथल्या समुद्रात मग उरतो तो बहुतेक हिरवा.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “पान हिरवं का दिसतं?”

“हिरवा उजेड ते घेत नाही, परत टाकतं म्हणून.”

“मग हिरव्याशिवाय दुसरं काही मिळतच नसेल, तर खायचं काय? हिरवं टाकून कसं चालेल?”

मी फ्लास्ककडे पाहिलं. उत्तर डोळ्यांसमोर, टोपलीत, गोणपाटाखालून निघालेलं. “हिरवं खाणारा रंग बनवायचा,” मी म्हटलं. “लाल.”

“लाल. हे शिरलेलंही नाही आणि मरतही नाही. ह्याला वाटलं आपण खोल पाण्यात गेलो. ह्यानं आपली भांडीच बदलली. ह्या बाईंनी तुझ्या खिडकीत समुद्र टांगला, मुली!”

मावशीला एवढंच कळलं की कुणी तिला बोलणार नाही. तिनं सरांच्या हातातले पेले परत घेतले. “च्या निवली. दुसरी हाडतंय.”

सर मात्र सहजी वाकणारे नव्हते. “मॅडम, ही झाली गोष्ट. पुरावा कुठाय?”

“बरोबर बोललात,” मॅडम म्हणाल्या. “मी उद्या गोव्याला जातेय. दहा दिवसांनी, शनिवारी परत येते. लाल सहा वाडीकडच्या खिडकीत ठेवा, हिरवे सहा लुगड्याच्या खिडकीत. अदलाबदल. लालांचे हिरवे आणि हिरव्यांचे लाल झाले, तर खोली हिची आणि दोन वर्षं वाढवून. नाही झाले, तर तुमची कोळंबी.” मग विचार करून म्हणाल्या, “लालांच्या खिडकीला लाल कापड मिळालं तर काम लवकर होईल. लाल उजेडात लाल रंग ठेवून उपयोग काय?”

लाल कापड शोधायला सगळं केंद्र लागलं. मावशीचं लुगडं जुनं, विरलेलं, उजेड आरपार जाणारं. तसंच हवं होतं. शेवटी ते सापडलं कुठं, तर सरांच्या टेबलावर. कोळंबी योजनेची फाइल बांधलेलं, वर्षानुवर्षं धुऊन पातळ झालेलं लाल कापड. सर दोन मिनिटं त्या गाठीकडे बघत राहिले. मग स्वतःच गाठ सोडली आणि म्हणाले, “मला परत हवं हे. सरकारी आहे.”

ते दहा दिवस मी खोलीतच काढले म्हणा ना. पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी लालांचा तजेला गेला. सहाव्या दिवशी बाराही फ्लास्क सारखेच झाले, ना हिरवे ना लाल, भांडी विसळल्याच्या पाण्यासारखे. सर दारातून डोकावले, काही न बोलता गेले. त्यांचं ते न बोलणं मला फार लागलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

मावशी खिडकीशी बसून फ्लास्कशी बोलत होती. “काय गो, काय खावक होया? कैरी दिव?”

“मावशी, पुरे!” मी ओरडले. “मेलेत ते सगळे. चौदा महिने माझे—”

“तुका किती पोरां झाली?” तिनं विचारलं.

“मला?”

“माका चार. मधल्या दिसांत तोंड असाच उतारता. तू जा, पेज खाऊन ये.”

मी पेज खाल्ली. खरं सांगायचं तर पेज खातानाच पहिल्यांदा मला वाटलं की ह्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतंय.

आठव्या दिवशी सकाळी लुगड्यामागचा पहिला फ्लास्क मी उजेडात धरला. तळाशी, कडेला, जराशी लाली. मला वाटलं, लुगड्याची झाक असेल. बाहेर अंगणात नेला. लालीच होती. मी फ्लास्क हातात धरून त्या वाळूत गोल गोल फिरले, पंचविशीची बाई, आणि मागून मावशी ओरडतेय, “गो, हलव नको! धक्को लागात!”

शनिवारी मॅडम आल्या तेव्हा फळ्यांवर उलटंपालटं झालं होतं. एक ते सहा कोकमाच्या साराचे. सात ते बारा निळसर हिरवे, जणू कधी लाल नव्हतेच. मॅडमनी शबनममधून बोटाएवढी नळी काढली. उजेडाचे सात रंग वेगळे करून दाखवणारी. एक नंबरच्या फ्लास्कमधून पाहिलं आणि नळी सरांकडे दिली. “हिरव्या पट्ट्यात काय दिसतं?”

सर खूप वेळ बघत होते. “काळी रेघ.”

“तेवढा हिरवा त्यानं खाल्ला.”

सरांनी नळी मला दिली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मावशीला दिली. मावशीनं ती उलट्या बाजूनं डोळ्याला लावली आणि म्हणाली, “व्हय, व्हय, दिसता,” आणि आम्ही कुणी काही बोललो नाही.

“म्हणजे मरत नव्हते,” सर म्हणाले.

“पुऱ्या जगात ह्यांच्याइतकं जुनं कोण आहे?” मॅडम म्हणाल्या. “आपल्या फ्लास्कमध्ये मरायला ते कशाला येतील? कोळंबीला दुसरी जागा बघा.”

“बघतो,” सर म्हणाले. “कापड गेलं तेव्हाच फाइल उघडी पडली होती.” मग मावशीकडे वळून, साहेबी आवाजात, “भागीरथीबाई, दिवस गेले होते म्हणालात. मग आता पुढलं काय ते करा की.”

“घुगऱ्यो भिजत घातलंय कालच,” मावशी म्हणाली.

त्या दुपारी आम्ही नऊ माणसं आणि मॅडम, दहा जणांनी प्रयोगशाळेच्या ओट्यावर बसून बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या. एक ते बारा सगळ्यांची नावं ठेवायची म्हणून मावशी हटून बसली होती. सातव्याचं नाव तिनं सरांचं ठेवलं. सरांनी ते मान्य केलं.

आमचा निबंध दोन वर्षांनी छापून आला. वापरलेल्या वस्तू कुठल्या कंपनीच्या ते त्यात कंसात लिहावं लागतं. मॅडमनी बजावलं होतं, खरं तेच लिहायचं. म्हणून मी लिहिलं: हिरवा पडदा, सुती, नऊवारी, दुपदरी, आणि कंसात ‘सातेरी’. आठ महिन्यांनी नॉर्वेहून एका प्राध्यापकाचं पत्र आलं. असा एकसारखा हिरवा उजेड त्यांना कुठल्याच पडद्यानं मिळत नव्हता. सातेरी कंपनीचा पत्ता कळवावा, त्यांना दोन नग हवेत.

मी ते मावशीला वाचून दाखवलं. “प्रसाद इकत नाय गावना,” ती म्हणाली. पण दुसऱ्या आठवड्यात तिनं नवं लुगडं घेतलं, दहा वेळा धुऊन विरवलं, सातेरीला दाखवून आणलं, आणि मी ते पार्सल केलं. उत्तर आलं: शेवाळ लाल झालं, आभारी आहे, आणखी एक पाठवता येईल का, कारण पहिलं माझ्या बायकोनं घेतलं.

आता त्या खोलीतल्या माणसांपैकी मी एकटीच उरलेय. सरांनी पुढच्या वर्षी कोळंबीसाठी वेगळी शेड बांधून घेतली, ती उत्तम चालली. निवृत्त होऊन ते वेंगुर्ल्याला गेले आणि शेवटपर्यंत प्रत्येक भाषणात ही हकिकत सांगायचे. त्यांच्या हकिकतीत ओतू नका असं त्यांनीच सांगितलेलं असे. तुस्कानो मॅडम नव्वद साली वसईला घरी परतल्या. रविवारी चर्चहून आल्या की मला पत्र लिहायच्या, अठरा वर्षांत एकही रविवार चुकला नाही. मग एका सोमवारी त्यांच्या भाचीचं पत्र आलं. वडील एकदा कराडहून आले, खोलीत तासभर बसले, म्हणाले, “बरं आहे हे,” आणि स्थळांचा विषय तिथंच मिटला. पुढं मी माझ्या मर्जीनं, छत्तिसाव्या वर्षी, मालवणच्या शाळेतल्या एका भूगोलाच्या मास्तरांशी लग्न केलं. ते जाऊन आता चार वर्षं झाली. तो धागा मात्र जिवंत आहे. तीन ठिकाणी वाढतो. त्यातलं एक ठिकाण नॉर्वेत.

मावशी ब्याण्णव साली निवृत्त झाली, पण केंद्रानं तिला कधी सोडलंच नाही. कुणा विद्यार्थ्याच्या फ्लास्कमध्ये काही बिनसलं, रंग उतरला, तळाशी गाळ बसला, की ओतून टाकण्याआधी तो टोपलीत घालून वाडीत तिच्या पडवीत न्यायचा, असा नियमच होऊन बसला. मोठमोठ्या पदव्या घेतलेली मुलं तिच्यापुढं उकिडवी बसायची. ती फ्लास्क उन्हात धरायची, मान तिरकी करून बघायची, आणि बहुतेकांना एकच सांगायची, “आजून आठ दिस थांब.” मी तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या आहेत; दहातल्या सात वेळा तिचं बरोबर निघालं.